घरात एकच भाषा बोला, असं थेरपिस्टनी सांगितलंय. मग आजीनं गप्प बसायचं का?

सांजसावली

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण मनात फार साठलंय.

माझा मुलगा येत्या महिन्यात चार पूर्ण करेल. बोलायला उशिरा लागला. अजूनही वाक्य दोन-तीन शब्दांच्या पलीकडे जात नाही आणि बाहेरच्या माणसाला त्याचं निम्मं बोलणं कळत नाही. शाळेतून सुचवल्यावर स्पीच थेरपिस्टकडे नेलं. त्यांनी पाऊण तास चित्रं दाखवून 'हे काय, ते काय' विचारलं आणि रिपोर्ट हातात दिला: शब्दसंग्रह वयाच्या मानाने दीड वर्ष मागे. सगळी तपासणी शाळेच्या भाषेत झाली. ती भाषा त्याच्या कानावर पडायला लागून जेमतेम आठ महिने झालेत. घरात आम्ही दोघं मराठी बोलतो आणि सासूबाई त्यांच्या माहेरच्या भाषेत. दिवसाचा बराचसा वेळ तो त्यांच्याजवळच असतो.

रिपोर्टच्या शेवटी सल्ला: मुलाचा गोंधळ होतोय, घरात एकच भाषा ठेवा, शाळेची.

घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी एका शब्दानं वाद घातला नाही. शाळेची भाषा त्यांना येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नातवाशी बोलणंच थांबवलं. परवा त्याला बूट घालायला बोलवायचं होतं, तर टाळी वाजवली आणि बोटानं बूट दाखवले. तो त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, पुढचं काहीतरी ऐकू येईल म्हणून. मला ते बघवलं नाही.

हा सल्ला बरोबर आहे का? आणि नसेल तर थेरपिस्टना काय विचारू? मला भांडायचं नाहीये, मुलाला मदत हवी आहे.

निळीशाई

वाचून पोटात कालवलं. जाणकारांची वाट बघते.

कोरीपाटी

वेगळा अनुभव सांगतो. आमच्या मुलीलाही असंच सांगितलं होतं. आम्ही घरातली दुसरी भाषा बंद केली, एकच ठेवली, आणि सहा महिन्यांत ती बोलायला लागली. थेरपिस्ट शिकून आलेले असतात. भावनेच्या भरात सल्ला झिडकारू नका. मूल आधी एका भाषेत उभं राहू दे, बाकीच्या नंतर येतीलच की.

अनुस्वार

मी याच व्यवसायात आहे. बारा वर्षं मुलांबरोबर काम करते.

सांजसावली, बाकी सगळं नंतर, आधी आजींना आजपासून बोलायला सांगा. तुमच्या मुलाला दिवसभरात मिळणाऱ्या भाषेतला सगळ्यात मोठा वाटा त्यांचा होता आणि तो एका रात्रीत बंद झालाय. ज्या मुलाला भाषा कमी पडतेय त्याच्याच ताटातलं आपण काढून घेतलं.

दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे भाषेचा विकार होतो किंवा असलेला विकार वाढतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर कॅनडातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषांत वाढणारी ही मुलं, तसाच सिंड्रोम असलेल्या एकभाषिक मुलांपेक्षा त्यांच्या सामाईक भाषेत मागे नव्हती. ज्यांना शिकायला मुळातच जड जातं त्यांचं हे चित्र आहे. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही नंतरचे अभ्यास याच दिशेने गेले.

आता त्या 'दीड वर्ष मागे'बद्दल. समजा एखाद्या मुलाला शाळेच्या भाषेतले ४० शब्द येतात आणि घरच्या भाषेतले ३५. यातल्या १५ गोष्टींची नावं त्याला दोन्हीकडे माहीत आहेत. म्हणजे ४० अधिक ३५ वजा १५, एकूण ६० गोष्टींना त्याच्याकडे नाव आहे. तुम्ही फक्त शाळेच्या भाषेत विचारलं की ते मूल ४० वर दिसतं. उरलेल्या २० गोष्टी त्याला ठाऊक असूनही कागदावर शून्य. तुमच्याकडे तर तीन भाषा आहेत! आणि त्या चाचणीची प्रमाणं बहुधा एकच भाषा बोलणाऱ्या मुलांवरून ठरवलेली असतात. दोन वेगळ्या मापांची तुलना झाली.

कोरीपाटी, तुमची मुलगी बोलू लागली याचा आनंदच आहे. पण त्या सहा महिन्यांत थेरपी चालू होती, तुम्ही तिच्याशी जास्त बोलत होतात आणि ती सहा महिन्यांनी मोठीही झाली. यातलं श्रेय नेमकं भाषा बंद करण्याला कसं द्यायचं?

आणखी एक. खरा भाषाविकार असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. एकाच भाषेत अडतंय आणि दुसरीत मूल सुसाट आहे, तर बहुतेक वेळा ती भाषा पुरेशी कानावर पडलेली नसते. तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारते: तुमचा मुलगा आजींशी कसा बोलतो? त्यांच्याशी लांब वाक्यं बोलतो का? आजींना त्याच्या वयाची, त्याच भाषेत वाढलेली दुसरी मुलं माहीत आहेत का, आणि त्यांच्या तुलनेत हा त्यांना कसा वाटतो? याचं उत्तर त्या देऊ शकतात, मी नाही.

सांजसावली

रडू आलं वाचून. आताच जाऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, 'मग इतके दिवस मला का गप्प बसवलंत?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या प्रश्नाबद्दल: त्यांच्याशीही तो छोटीच वाक्यं बोलतो. हे मला आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

शंखनाद

अनुस्वार यांच्याशी बरंचसं सहमत, पण नाण्याची दुसरी बाजू मांडायलाच हवी, कारण ती आमच्या घरानं भोगली आहे.

माझा भाचा. दोन भाषांच्या घरात वाढला. तीन वर्षांचा असताना ताई डॉक्टरांकडे घेऊन गेली. उत्तर: दोन भाषा आहेत ना, होतो उशीर, थांबा. चार वर्षांचा झाला, शाळेत सांगितलं, शिक्षिका म्हणाल्या, घरी वेगळी भाषा आहे, वेळ लागेल. पाचव्या वर्षी तेच, सहाव्या वर्षी तेच. सातव्या वर्षी एका थेरपिस्टनी दोन्ही भाषांत नीट तपासलं तेव्हा कळलं की त्याला विकासात्मक भाषाविकार आहे, म्हणजे दुसरं उघड कारण नसताना भाषा शिकणंच जड जातं, आणि तो दोन्हीकडे सारखाच होता. चार वर्षं गेली. तोवर त्याला वाचता येत नव्हतं आणि 'मी ढ आहे' हे मात्र पक्कं येत होतं.

सगळ्यांनी त्याच्या भाषेचा, संस्कृतीचा आदर केला हो. कुणी त्याला तपासलं मात्र नाही. 'हा फरक आहे, दोष नव्हे' हे वाक्य फार चांगलं आहे, पण न तपासता उच्चारलं तर तीही टाळाटाळच.

तळटीप

शंखनाद यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. विकासात्मक भाषाविकार साधारण ७ टक्के मुलांत आढळतो, म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. बहुभाषिक घरांतही तो तेवढाच असायला हवा. एखाद्या ठिकाणी त्या घरांतली खूप जास्त मुलं विकाराच्या यादीत असतील तरी चूक, आणि जवळजवळ कुणीच नसेल तरी चूक.

मी भाषाविज्ञानातली. थोडा इतिहास देते, कारण आज थेरपिस्ट जे नियम पाळतात ते कुणाच्या तरी पोराबाळांच्या नुकसानीतून आलेत.

कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीतल्या बुद्धिमापन चाचण्या देऊन मतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं होतं. पालक न्यायालयात गेले. 'डायना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९७० मध्ये तडजोड झाली आणि मुलांना त्यांच्या घरच्या भाषेतही तपासायचं ठरलं. पुढे १९७९ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की कृष्णवर्णीय मुलांची घरची इंग्रजी लक्षात घेऊन शाळेनं त्यांना वाचन शिकवावं. आणि १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाक्-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे आशानं, अधिकृत भूमिका घेतली: इंग्रजीची कुठलीही सामाजिक बोली हा विकार नव्हे.

कृष्णवर्णीयांच्या त्या घरच्या इंग्रजीत 'तो', 'ती' यांच्याबरोबर येणाऱ्या वर्तमानकाळी क्रियापदाच्या शेवटचा 'स' अनेकदा लागत नाही. प्रमाण इंग्रजीच्या चाचणीत तो न लावणं ही चूक, आणि तीच चूक भाषाविकाराचं लक्षण म्हणूनही मोजली जाते! घरातलं सगळ्यांचं व्याकरण अगदी बरोबर बोलणारं मूल त्यामुळे आजारी ठरतं.

चिमणचारा

शिक्षिका आहे. तळटीप यांचं उदाहरण आपल्या भाषेत आणते.

वर्गात एक मुलगा 'पानी' म्हणतो. त्याची आई 'पानी' म्हणते, आजोबा 'पानी' म्हणतात, सगळी वस्ती म्हणते. त्याच्या जिभेला काही झालेलं नाही, तो घरचं बरोबर शिकलाय. शेजारी दुसरा मुलगा 'तानी' म्हणतो. 'प'च्या जागी 'त' येईल अशी त्याच्या घरची बोली नाही, हे त्याच्या आईशी दोन मिनिटं बोललं की कळतं. पहिल्याला थेरपीची गरज नाही. दुसऱ्याला लवकर न्यायला हवं. पण वर्षानुवर्षं शाळांत हसं पहिल्याचं होतं आणि दुसऱ्याला 'लहान आहे, बोबडं बोलतो' म्हणून सोडून देतात.

मी स्वतः पहिल्या काही वर्षांत 'पानी' म्हणणाऱ्यांना भर वर्गात दुरुस्त करायचे. एक मुलगी त्यानंतर वर्षभर हात वर करायची थांबली. आता मी 'पुस्तकात असं, घरी तसं' अशा दोन रांगा फळ्यावर करते आणि मुलंच भरतात. प्रमाण भाषा शिकवायची माझी जबाबदारी आहेच, ती मी सोडलेली नाही.

निळीशाई

'पुस्तकात असं, घरी तसं' हे फार आवडलं. उद्याच सांगते बहिणीला, तीही शिकवते.

कोरीपाटी

अनुस्वार, तुमचा मुद्दा मान्य, श्रेय कशाला ते सांगता येत नाही. पण एक व्यवहाराचा प्रश्न. प्रत्येक भाषेचा थेरपिस्ट आणायचा कुठून? प्रत्येक बोलीची चाचणी कोण बनवणार? तत्त्व म्हणून हे सगळं छान आहे. थेरपिस्टच्या दारात रांग असते आणि हातात एकच चाचणी.

अनुस्वार

अगदी खरा प्रश्न, आणि याला उत्तरं आहेत. अर्धी-मुर्धी, पण वापरता येण्याजोगी.

सगळ्यात सोपं आधी. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. सातच प्रश्न. मुलाचं बोलणं तुम्हाला कळतं का? घरातल्यांना? नातेवाइकांना? त्याच्या मित्रांना? ओळखीच्यांना? शिक्षकांना? परक्यांना? प्रत्येकाला पाचपैकी गुण. फुकट आहे, साठांहून जास्त भाषांत उपलब्ध आहे. थेरपिस्टला ती भाषा येत नसली तरी आई-वडील भरू शकतात.

दुसरं, चाचणीत 'काय येतं' एवढंच न विचारता 'शिकवल्यावर किती पटकन येतं' हे बघायचं. आधी तपासायचं, मग एक-दोन बैठका शिकवायचं, पुन्हा तपासायचं. ज्या मुलाला संधीच मिळाली नव्हती ते भराभर उचलतं. ज्याला विकार आहे त्याला शिकवतानाच किती आधार द्यावा लागतोय, ते बघणाऱ्याच्या लक्षात येतं. मी तर चाचणीच्या गुणांपेक्षा शिकवताना काढलेल्या टिपणांवर जास्त विसंबते.

तिसरं, गोष्ट. युरोपातल्या बहुभाषिक मुलांसाठी तयार झालेल्या एका साधनात सहा-सहा चित्रांच्या चार गोष्टी आहेत आणि त्या मुद्दाम बऱ्याच भाषांत चालतील अशा रचल्यात. मूल एक गोष्ट घरच्या भाषेत सांगतं, दुसरी शाळेच्या. कुणी काय ठरवलं, का केलं, पुढे काय झालं, हा सांगाडा भाषा बदलली तरी मुलाबरोबर जातो. वाक्यं तुटकी असतील, पण मांजर फुलपाखरामागे का धावलं हे सांगता येतंय ना?

चाचणी नुसती भाषांतरित करून मात्र वापरू नका. मी एकदा केलं आहे आणि पस्तावले आहे. एका भाषेत सोपा असलेला शब्द दुसरीत अवघड असतो, एकीत दोन अक्षरांचा तर दुसरीत पाच. गुणांची प्रमाणं भाषांतराबरोबर येत नाहीत. तरी मी त्यावरून 'मध्यम स्वरूपाचा विकार' असं लिहिलं. त्या घरच्यांना नंतर बोलावून रिपोर्ट बदलून दिला, पण पहिला कागद शाळेत आधीच पोचला होता.

मधलीफळी

मी दुभाषी म्हणून काम करते, दवाखान्यात आणि शाळांत. थेरपिस्ट वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

सुरुवातीला मला कुणी सांगितलंच नव्हतं की चुका जशाच्या तशा पोचवायच्या असतात. एक सहा वर्षांची मुलगी म्हणाली, 'काल मी मामाकडे जाते, मग तो मला देतो फुगा.' मी सांगितलं: ती म्हणते, काल मी मामाकडे गेले आणि त्यांनी मला फुगा दिला. माझ्यापुरतं मी काम चोख केलं होतं. थेरपिस्टनी लिहून घेतलं, भूतकाळ व्यवस्थित. ज्या गोष्टीसाठी मुलगी आली होती तीच मी पुसून टाकली.

हे मला वर्षभरानं एका दुसऱ्या थेरपिस्टकडे कळलं. त्या आधी दहा मिनिटं बसवून सांगतात: आज मी काय शोधतेय, काय सुधारायचं नाही, कुठे इशारा द्यायचा नाही. मग बैठक. मग मूल गेल्यावर पुन्हा दहा मिनिटं: तुला काही वेगळं वाटलं का, तुमच्या भाषेत हे असं म्हणतात का? ही मागची-पुढची दहा मिनिटं वेळापत्रकात कुठेच धरलेली नसतात. ती धरा.

आणि कृपा करून मोठ्या भावंडाला दुभाषा करू नका. दहा वर्षांच्या बहिणीच्या तोंडून आईला 'तुमच्या मुलाला अपंगत्व आहे' हे सांगायला लावलेलं मी पाहिलंय.

निळीशाई

शेवटचं वाचून काही सुचेना.

पिंपळपान

लहान मुलांचंच चाललंय, म्हणून मोठ्यांचं सांगतो.

वडिलांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. ते तीन भाषा बोलायचे. दवाखान्यात कचेरीच्या भाषेत तपासलं, कारण कागदावर शिक्षण त्या भाषेतलं होतं. चित्रं दाखवून नावं विचारली: बीव्हर, इग्लू, फाशीचा दोर. वडिलांनी आयुष्यात बीव्हर नावाचा प्राणी पाहिलेला नाही. गुण अर्थातच फार कमी आले आणि 'सुधारणेची शक्यता मर्यादित' असं लिहिलं गेलं. तिसऱ्या आठवड्यात आत्या भेटायला आली आणि सवयीनं गावाकडच्या भाषेत म्हणाली, 'दादा, मी आले.' वडील म्हणाले, 'बस.' नंतर म्हणाले, 'कधी निघालीस?' आम्ही सगळे पलंगाभोवती उभे होतो. कुणाला हलायचंही भान नव्हतं.

अनुस्वार

पिंपळपान, ती बहुधा साठ चित्रांची बोस्टनची चाचणी. त्यातल्या वस्तू ज्या जगातल्या, त्याच जगात वाढलेल्या माणसासाठी ती बनली. फाशीच्या दोराच्या चित्रावर तर अमेरिकेतही गंभीर आक्षेप आहे, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासात त्या चित्राचा अर्थ काय आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून.

बहुभाषिक माणसाच्या भाषा वाचाघातानंतर सारख्याच परत येतील असं नसतं. कधी सगळ्या बरोबरीनं सुधारतात, कधी एक पुढे जाते, कधी एक आली की दुसरी मागे हटते. माँट्रियलच्या मिशेल पॅराडिस यांनी यासाठीच १९८७ मध्ये बहुभाषिकांसाठीची वाचाघात चाचणी प्रसिद्ध केली. तिच्या प्रत्येक भाषेतल्या आवृत्त्या शब्दशः भाषांतर न करता त्या-त्या भाषेत जुळवून घेतलेल्या आहेत. वडिलांना सगळ्या भाषांत तपासून घ्या. आणि थेरपी कुठल्या भाषेत, हे त्यांना ज्यांच्याशी बोलायचंय त्यावरून ठरू दे. आत्यांना बैठकीला घेऊन जा.

अर्धविराम

मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. या धाग्यावर लिहायला मला सोपं जातं.

माझ्या पहिल्या थेरपीत ध्येयांच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं: नजरेला नजर देऊन बोलणे, दहापैकी आठ वेळा. आमच्या घरात आजोबांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणं हा उद्धटपणा होता. मी थेरपीत शाबासकी मिळवायचो आणि घरी येऊन ओरडा खायचो. दोन्हीकडे नापास. कुणी एकदा विचारलं असतं, 'तुझ्या घरी मोठ्यांशी कसं बोलतात?', तर अर्ध्या मिनिटात सुटला असता तो प्रश्न.

आता जिच्याकडे जातो तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, तुला नेमकं कुठे आणि कुणाशी बोलायचंय. मी म्हटलं, बहिणीच्या लग्नात चार शब्द. आम्ही त्यावरच काम केलं. अडखळलो, पण बोललो.

टाकऊताक

अवांतर: कामाच्या ठिकाणी माझ्या उच्चारांवरून मला 'स्पीच थेरपी घे' असं सुचवलं गेलंय. हाही विकारच का?

अनुस्वार

अजिबात नाही. लहेजा सगळ्यांनाच असतो, सुचवणाऱ्यालाही. तुम्हाला स्वतःला हवं असेल तर उच्चारांवर काम करता येतं, तो तुमचा निर्णय. पण ते आजारावरचे उपचार नव्हेत, आणि ऐकणाऱ्यानंही थोडं कान देऊन ऐकायला हवं.

शंखनाद

एक सुचवू का? प्रत्येक समाजाबद्दल थेरपिस्टसाठी एक माहितीपुस्तिका करता येईल. यांच्यात नजर देत नाहीत, त्यांच्यात मुलं मोठ्यांसमोर बोलत नाहीत, वगैरे. अर्धविराम यांना त्रास झाला नसता.

तळटीप

हेतू चांगला, पण मी याच्या विरुद्ध आहे. पुस्तिका वाचलेला थेरपिस्ट समोरच्या माणसाला विचारायचं सोडून पुस्तिकेला विचारतो. एकाच समाजातल्या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली ती याच संदर्भात. संस्कृती हा एकदा शिकून पास होण्याचा विषय नसून, आयुष्यभर स्वतःला तपासत राहायचं आणि समोरच्याला त्याच्या घराचा जाणकार मानायचं, असं त्यांचं म्हणणं.

पण काही गोष्टी थेरपिस्टला माहीत असायलाच हव्यात. उदाहरणार्थ चित्र समोर धरून 'हे काय आहे?' असं विचारणं. विचारणाऱ्याला ते दिसतंय, उत्तर माहीत आहे, तरी विचारतोय! काही घरांत मुलांशी असं सतत बोललं जातं, काही घरांत प्रश्न खरोखर माहीत नसेल तेव्हाच विचारतात. शर्ली ब्राइस हीथ यांनी कॅरोलिनातल्या दोन कामगार वस्त्यांत वर्षानुवर्षं राहून-फिरून हा फरक टिपला, त्यांचं काम १९८३ मध्ये आलं. दुसऱ्या प्रकारच्या घरातलं मूल चाचणीत गप्प बसतं. त्याला वाटतं, बाईंना दिसत नाहीये का?

सांजसावली

तळटीप! माझ्या मुलानं अगदी हेच केलं. चेंडूचं चित्र दाखवून विचारलं तर त्यानं चित्र उचलून त्यांच्या डोळ्यांजवळ नेलं. रिपोर्टमध्ये 'सूचना पाळत नाही' असं लिहिलंय.

पाटीपेन्सिल

माझी मुलगी तोंडाने बोलू शकत नाही, चित्रांवर बोट ठेवून बोलते. तिला मिळालेल्या उपकरणात आवाज एकच होता, शाळेच्या भाषेतला. तिचे आजोबा विचारायचे, 'ही कोण बोलतेय?' आम्ही पुठ्ठ्यावर हाताने चित्रं काढून घरच्या भाषेचा तक्ता केला. घरातल्या प्रत्येकाला काय म्हणायचं, चिडवायचं कसं, 'नको' कसं म्हणायचं. पहिल्या दिवशी तिनं 'नको'वर बावीस वेळा बोट ठेवलं. मी मोजलं. उपकरण देणाऱ्यांनी 'पाहिजे' दिलं होतं, 'नको' दिलंच नव्हतं.

चिमणचारा

बावीस वेळा! किती साठलं असेल तिच्या मनात.

मधलीफळी

एक राहिलं. दोन वेळा आले नाहीत म्हणून फाइल बंद करतात आणि 'पालक सहकार्य करत नाहीत' असं लिहितात. त्यातल्या कितीतरी जणांना वेळेचं पत्रच वाचता येत नाही, किंवा कामाला खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मी फोन करून त्यांच्या भाषेत सांगते तेव्हा बहुतेक येतात. भाषेचा आदर वगैरे बोलायच्या आधी हा फोन करा.

सांजसावली

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते, खरंच.

पहिल्या थेरपिस्टना शांतपणे विचारलं: तीन भाषांपैकी एकाच भाषेत का तपासलं? त्यांनी मान्य केलं की आजींच्या भाषेतलं त्यांच्याकडे काहीच नाही, आणि स्वतःहून दुसऱ्या बाईंचं नाव दिलं. याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

दुसऱ्या बाईंनी सासूबाईंना सोबत आणायला सांगितलं. जमिनीवर बसल्या. आधी सासूबाईंना विचारलं, हा घरी कसा बोलतो, तुम्हाला काय वाटतं. सासूबाई मला आजवर बोलल्या नव्हत्या ते तिथे बोलल्या: माझी तिन्ही मुलं या वयात गोष्टी सांगायची, हा सांगत नाही, मला दीड वर्षापासून काळजी वाटतेय. मला वाटलं होतं त्यांना काही जाणवतच नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

मग सहा चित्रांची गोष्ट, आधी आजींच्या भाषेत, दुसऱ्या दिवशी वेगळी गोष्ट मराठीत. खेळता खेळता तीन नवे शब्द शिकवले, पुन्हा विचारले. सात प्रश्नांचा कागद आम्ही दोघांनी आणि सासूबाईंनी वेगवेगळा भरला. तीन बैठका लागल्या. निष्कर्ष: शब्दांची संख्या तिन्ही भाषा मिळून वयाच्या जवळपास आहे. पण वाक्य जोडण्यात आणि उच्चारांत अडचण आहे, सगळ्या भाषांत आहे, आणि थेरपी लागणार आहे.

म्हणजे शंखनाद, तुम्ही म्हणालात तसंच. नुसतं 'तीन भाषा आहेत, होईल' म्हणून घरी बसले असते तर तेही चुकलंच असतं.

थेरपी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे आणि रोज दहा मिनिटं सासूबाईंकडे. बाईंनी त्यांना शिकवलंय: तो 'बूट दे' म्हणाला की लगेच द्यायचा नाही आणि चूकही काढायची नाही, आपण वाक्य थोडं वाढवून परत म्हणायचं, 'लाल बूट देऊ? हा घे लाल बूट.' सासूबाई हे दिवसभर करतात. अगदी फोनवर माझ्या नणंदेशीसुद्धा.

निळीशाई

फोनवर नणंदेशी! आजींना माझा नमस्कार सांगा.

कोरीपाटी

सांजसावली, मनापासून बरं वाटलं.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. त्या वेळी आम्हाला दुसरं काही सांगणारं कुणी नव्हतं आणि जे जमलं ते केलं. पण मुलगी आता नऊ वर्षांची आहे. माझी आई फोनवर असली की ती 'हो', 'बरं' एवढंच म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. आता सुरू केलं तर येईल का? की तिला पुन्हा जड जाईल? शाळा नीट चालली आहे, म्हणून भीती वाटते.

अनुस्वार

येईल. शाळेच्या भाषेतलं काही कमी होणार नाही. बसून शिकवू नका, आईंना फोनवर रोज एकच गोष्ट सांगायला सांगा, मुलीनं उत्तर कुठल्याही भाषेत दिलं तरी चालेल. तिला कळत किती असेल ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. पहिले काही आठवडे ती नुसती ऐकेल. तेवढे जाऊ द्या.

कोरीपाटी

आज रात्रीपासून. आईला आता फोन करतो.